यलोस्टोनला निघणाऱ्या मराठी आरव्ही-प्रवाशांना खुले पत्र

प्रति,
सिॲटल आणि आसपासच्या गावांतून उन्हाळ्यात आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी सर्व मराठी कुटुंबे, आणि त्यांच्या सहलींची आखणी करणारी मित्रमंडळे यांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्च उजाडला की आपल्याकडे यलोस्टोनचे बेत सुरू होतात. आरव्ही किती फुटांची घ्यावी, चालवणारे दोघे असावेत की तिघे, पहिला मुक्काम माँटानातल्या मिझुलाला करावा की त्याही पुढे जावे, कुकर न्यावा की नको, अशा प्रश्नांचा आपण कसून विचार करतो. मीही अशा कितीतरी बैठकांना बसले आहे. मात्र चार-पाच माणसांचे चार दिवसांचे मलमूत्र ज्या टाकीत आपण सोबत घेऊन फिरणार आहोत, ती टाकी कोणत्या गावी, कोणत्या ठिकाणी आणि किती वाजता रिकामी करायची, हा प्रश्न एकाही बैठकीत कोणी काढलेला मी ऐकलेला नाही. आमच्या पहिल्या सहलीत तो आम्हीही काढला नव्हता. त्याचे काय झाले ते सांगण्यासाठी आणि तुमच्याकडे एक स्पष्ट मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार जुलैच्या सुट्टीनंतरचा रविवार होता. आम्ही यलोस्टोनहून परतत होतो, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी परत करायची होती, आणि करारात लिहिल्याप्रमाणे मैल्याची आणि सांडपाण्याची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. माँटानात एका डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी) पंधरा-सोळा गाड्यांची रांग पाहून आम्ही "पुढे बघू" म्हणालो होतो. चूक तिथेच झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरात पोहोचलो तेव्हा ब्लॅक टँकचा, म्हणजे मैल्याच्या टाकीचा, दिवा लाल झाला होता आणि मुलांना गाडीतले शौचालय वापरायला मी मनाई केली होती. नकाशावर दिसलेल्या पहिल्या पेट्रोल पंपावरच्या डम्प स्टेशनच्या झाकणाला साखळी आणि कुलूप होते. दुसऱ्या ठिकाणी, एका खासगी कॅम्पग्राउंडवर, ही सोय फक्त मुक्कामाला असलेल्यांसाठी आहे असे सांगण्यात आले. तिसऱ्या जागी तर नुसते डांबर होते. कधीकाळी तिथे असलेली सोय काढून टाकलेली होती आणि नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. अडीच तास आम्ही तीस फुटांची गाडी घेऊन अनोळखी शहरातून फिरत होतो, आणि मागे बसलेल्या सासूबाईंना थांबायला कुठे मिळेल हे विचारण्याचाही संकोच वाटत होता.

शेवटी नदीकाठच्या एका खडीच्या वाहनतळावर आम्ही गाडी लावली. सूर्य कलला होता, जवळपास कोणी नव्हते, आणि मी हे लपवणार नाही की ग्रे टँकचा, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीचा, व्हॉल्व्ह इथेच थोडा सोडावा का, असे आम्हा दोघांच्या तोंडून एकाच वेळी निघाले. तो विचार मिनिटभर टिकला. नवऱ्याने जवळच्या एका सरकारी उद्यानात फोन लावला, आणि तिथल्या माणसाने त्यांचे डम्प स्टेशन अंधार पडेपर्यंत उघडे असल्याचे सांगितले. फोन ठेवेपर्यंत आमच्या शेजारी दुसरी आरव्ही येऊन थांबली होती. त्यांच्या आरव्हीतून मराठी ऐकू आले, म्हणून मी बोलायला उतरले. तोवर त्यांच्या गाडीखालून साबणाचे पिवळट पाणी खडीवर वाहू लागले होते. माझ्याकडे पाहून ते गृहस्थ म्हणाले, "साधं भांड्यांचं पाणी आहे हो." मी हसले, नमस्कार केला आणि काही न बोलता आमच्या गाडीत परत येऊन बसले.

त्या पाण्याविषयी आणि त्या नदीविषयी मी नंतर जे वाचले, ते तेव्हा ठाऊक असते तर गप्प बसता आले नसते, असे मला वाटते.

स्पोकॅन शहर ज्या नदीमुळे वसले, तिच्यात त्या शहराचे मैलापाणी अनेक दशके प्रक्रियेविना सोडले जात होते. पहिले शुद्धीकरण केंद्र १९५८ साली उभे राहिले. धबधब्याभोवती तेव्हा रेल्वेच्या रुळांचे आणि पुलांचे जाळे होते. १९७४ साली शहराने जागतिक प्रदर्शन भरवले, त्याचा विषयच पर्यावरण होता, आणि त्यासाठी ते रूळ उखडून नदी लोकांना पुन्हा दिसेल अशी मोकळी केली. आपण मुलांना घेऊन ज्या रिव्हरफ्रंट पार्कमध्ये फोटो काढतो ती हीच जागा. पण नदीची दुखणी तिथे संपली नाहीत. खालच्या अंगाला धरणामागे साचणाऱ्या पाण्यात फॉस्फरस वाढून शेवाळ माजत होते आणि माशांना लागणारा प्राणवायू कमी पडत होता. फॉस्फरसचा एक मार्ग घरोघरच्या स्वयंपाकघरातून जात होता. म्हणून भांडी धुण्याच्या यंत्रात वापरायच्या फॉस्फेटयुक्त साबणावर वॉशिंग्टन राज्याने बंदी घातली, आणि ती राज्यभर लागू होण्याच्या दोन वर्षे आधी, २००८ सालीच, स्पोकॅन काउंटीत अमलात आली. इथल्या लोकांनी काचेच्या पेल्यांवर पांढुरके डाग चालवून घेतले, नवे साबण शोधले, शुद्धीकरणाच्या नव्या टप्प्यांसाठी पैसा मोजला. त्या शहराच्या नदीकाठी उभे राहून "साधं भांड्यांचं पाणी" असे म्हणणे मला आता फार जड वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट जमिनीखाली आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाच्या बांधामागे तुंबलेले, मिझुलापर्यंत पसरलेले प्रचंड सरोवर वारंवार फुटले, आणि त्या लोंढ्यांनी या खोऱ्यात गोटे आणि भरड वाळू यांचे जाड थर आणून टाकले. त्या थरांत साठलेले भूजल हेच इथल्या पाच लाखांहून अधिक माणसांचे पिण्याचे पाणी आहे. दुसरा पुरेसा स्रोत नाही म्हणून १९७८ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने त्याला विशेष संरक्षण दिले. काळ्या मातीत पाणी जिरायला वेळ लागतो, गोट्यांत तसे होत नाही. शिवाय नदी आणि हे भूजल काही वेगळे नाही: काही टप्प्यांत नदीचे पाणी खाली जिरते, तर काही टप्प्यांत खालचे पाणी पुन्हा नदीत येते. म्हणजे खडीवर ओतलेले पाणी नदीत गेले नाही, अशी समजूत घालून घेण्याचीही इथे सोय नाही.

हे सारे वाचल्यावर माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला, आणि तो नदीपेक्षा आपल्याविषयीचा आहे. आपण सगळे शिकलेले, नियम पाळणारे लोक आहोत. ओला आणि सुका कचरा वेगळा करतो, मुलांना नदीत पिशवी टाकू देत नाही. मग टाकीपाशी येऊन आपले पाय का अडखळतात? गाडी परत करताना शंभर डॉलर जास्त देऊ, पण ते काम भाड्याने देणाऱ्यांच्या माणसांनी करावे, असे मी आपल्यांतल्या किती जणांकडून ऐकले आहे. वेळ नाही, जागा सापडत नाही ही कारणे खरी आहेत, पण त्यांच्या मुळाशी किळस आहे, आणि ती किळस आपण कुठून आणली हे त्या संध्याकाळी मला दिसले.

उद्यानातल्या डम्प स्टेशनवर आमचा नंबर लागला तेव्हा माझा नवरा हातमोजे घालून व्हॉल्व्हसमोर नुसता उभा होता. माझे सासरे, ज्यांनी आयुष्यभर कऱ्हाडला शिक्षकी केली, ते गाडीतून उतरले, त्यांनी त्याच्या हातातून मोजे काढून घेतले, आणि होज (निकासाची लांब नळी) जोडता जोडता त्यांच्या लहानपणच्या वाड्याविषयी बोलू लागले. वाड्याच्या मागे टोपलीचे संडास होते. सकाळी मागच्या बोळातून एक बाई यायची, टोपली उचलायची आणि डोक्यावर घेऊन जायची. ती येताना मुलांनी बाजूला व्हायचे, तिच्याकडे पाहायचे नाही, असा शिरस्ता होता. "ती आठ-दहा वर्षं रोज यायची, पण तिचं नाव मला कधी कळलं नाही," असे म्हणून बाबांनी व्हॉल्व्ह ओढला. बाबा पुढे काही बोलले नाहीत. टाकी रिकामी झाली, त्यांनी होज दोनदा धुतला, फरशीवर उडालेले पाणीही धुऊन काढले, आणि मागच्या गाडीला हात करून पुढे बोलावले.

डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन होते. त्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आणि माणसाला मैला उचलावा लागणार नाही असा संडासही तयार केला. तरीही या प्रथेवर बंदी घालणारा व्यापक कायदा भारताला २०१३ साली पुन्हा करावा लागला. आरव्हीची टाकी हातमोजे घालून, लांब नळीने, दहा मिनिटांत रिकामी होते. त्या बाईच्या कष्टांशी तिची तुलनाही करता येणार नाही. पण घाण आपली आणि ती काढणारा दुसरा, ही जी सवय आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तिच्यामुळे हे साधे काम आपल्याला कमीपणाचे वाटते, आणि मग आपण ते पुढच्या गावावर ढकलत जातो. म्हणून हे काम कसे असते ते मी इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी ते कधी केलेले नाही त्यांची भीती कमी व्हावी एवढाच हेतू आहे.

भाड्याच्या मध्यम आरव्हीत स्वच्छ पाण्याच्या टाकीशिवाय आणखी दोन टाक्या असतात. सिंकचे आणि अंघोळीचे सांडपाणी ग्रे टँकमध्ये जाते, शौचालयाचे ब्लॅक टँकमध्ये. या दोन्ही साधारणपणे प्रत्येकी ३० ते ४० गॅलनच्या, म्हणजे ११५ ते १५० लिटरच्या असतात. इंग्रजी माहितीपत्रकांत दिलेले दिवसांचे हिशेब आपल्याला लागू पडत नाहीत, कारण आपण शौचाला पाणी वापरतो आणि भांडी भरपूर पाण्याने धुतो. ब्लॅक टँकमध्ये जास्त पाणी जाणे खरे तर चांगलेच असते, मैला तळाशी चिकटत नाही. पण टाकी लवकर भरते. पाच माणसांच्या कुटुंबाने तीन दिवस धरावेत, अंघोळी गाडीतच करणार असाल तर ग्रे टँकला त्याहूनही कमी. दिव्यांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. आतल्या संवेदकावर कागदाचा तुकडा चिकटला तरी टाकी भरलेली दिसते, आणि कधी याच्या उलटही होते. आमटीभाजीची ताटे आधी कागदाने पुसून मग धुवावीत, नाहीतर फोडणीचे तेल ग्रे टँकमध्ये थिजून बसते आणि त्याला ब्लॅक टँकपेक्षा वाईट वास येतो.

डम्प स्टेशनवर गाडीचे निकासाचे तोंड जमिनीतल्या झाकणाजवळ येईल अशी गाडी लावायची, होज दोन्हीकडे घट्ट बसवायचा, आधी ब्लॅक टँक पूर्ण सोडायची आणि ती बंद करून मग ग्रे टँक सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुतला जातो. कॅम्पग्राउंडवर गाडी थेट गटाराला जोडलेली असली, तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून द्यायचा नाही. तसे केल्यास पाणी निघून जाते आणि मैल्याचा ढीग आत सुकून बसतो. वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर यांपैकी काहीही त्या शौचालयात टाकू नये. वास घालवण्यासाठी टाकीत सोडायचे द्रव्य घेताना त्यात फॉर्मल्डिहाइड नाही ना, हे बाटलीवर वाचून पाहावे, कारण लहान गावांतल्या आणि उद्यानांतल्या डम्प स्टेशनखाली पुष्कळदा सेप्टिक टाकी असते, आणि मैला कुजवणारे जिवाणू त्या रसायनाने मरतात. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते: तिथे पाण्याचे दोन नळ असतात, एक फरशी आणि होज धुण्याचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. पहिल्या नळाला पिण्याच्या पाण्याची नळी चुकूनही लावू नये. तो नळ कितीतरी लोकांनी घाणेरड्या हातांनी हाताळलेला असतो.

आता जागा शोधण्याविषयी. स्पोकॅनसारख्या शहरात आणि परिसरात सरकारी उद्याने, काही मोठे ट्रक-थांबे, काही खासगी कॅम्पग्राउंड अशा ठिकाणी ही सोय मिळते; बहुतेक ठिकाणी थोडे शुल्क असते. वॉशिंग्टन राज्यात महामार्गावरच्या काही रेस्ट एरियांत ती विनामूल्य आहे, आणि तिचा खर्च इथे नोंदणी होणाऱ्या प्रत्येक आरव्हीकडून वर्षाला घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून भागवला जातो. ही रक्कम देणारे आपले शेजारी आहेत, तेव्हा तिथली फरशी आपण धुऊनच निघावे. फोनवरची ॲप्स उपयोगी आहेत, पण त्यांतली माहिती शिळी असू शकते, हे आम्ही तीनदा अनुभवले. म्हणून निघण्याआधी दोन ठिकाणांना प्रत्यक्ष फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: बाहेरच्या गाड्यांना परवानगी आहे का, वेळ काय, आणि सध्या ती सोय चालू आहे का. गोठणाऱ्या थंडीत नळ फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात पुष्कळ ठिकाणे बंद ठेवतात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला निघणाऱ्यांनी तर हे विचारलेच पाहिजे. रविवारी दुपारी सगळे परतत असतात. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी लवकर टाकी रिकामी केली तर रांग लागत नाही. खुद्द यलोस्टोनमध्ये गाडीला पाणी, वीज आणि मैलानिकास तिन्ही जोडता येतील असे कॅम्पग्राउंड फिशिंग ब्रिज हे एकच आहे, आणि तिथली जागा फार आधी भरते, हेही ध्यानात ठेवावे.

मित्रमंडळांना माझी मागणी अशी आहे. सहलीचा तक्ता करताना तारीख, अंतर आणि मुक्काम या रकान्यांच्या शेजारी "टाकी कुठे" हा आणखी एक रकाना आखावा, आणि तो भरल्याशिवाय आराखडा पूर्ण झाला असे धरू नये. दर तिसऱ्या दिवशी एक जागा, आणि ती बंद निघाल्यास दुसरी, असे दोन फोन क्रमांक तिथे लिहावेत. परत आलेल्या कुटुंबांनी कोणती जागा उघडी होती, कुठे पाणी नव्हते, कुठे बाहेरच्यांना घेत नाहीत, हे पुढच्यांना कळवावे. भडंगाची कृती जितक्या तत्परतेने आपण कळवतो तितक्याच तत्परतेने. आणि हे काम घरातल्या एकाच माणसावर, विशेषतः बाईवर किंवा पाहुण्या वडीलधाऱ्यांवर ढकलू नये. मुलांनाही ते पाहू द्यावे. आमच्या थोरल्या मुलीने मागच्या वर्षी ते स्वतः केले. ज्यांना पहिल्यांदा धीर होत नसेल त्यांनी मला कळवावे. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मी येईन आणि व्हॉल्व्ह कुठे असतात, होज कसा जोडायचा, हे दाखवीन.

त्या रविवारी स्पोकॅनमध्ये नदीकाठी भेटलेल्या कुटुंबापर्यंत हे पत्र पोहोचले, तर त्यांना एवढेच सांगायचे आहे. उघडे असलेले डम्प स्टेशन तिथून वीस मिनिटांवर होते, आणि तुमच्याशी बोलायला मी उतरले तेव्हा ते मला ठाऊक होते. तुम्हाला अवघडल्यासारखे होईल म्हणून मी सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

आपली,
सिॲटलजवळ राहणारी एक सहप्रवासी